मानेतला कॅरोटिड बॉडी ट्यूमर : ऑपरेशन करायचं की थांबायचं?

कुळागर
नमस्कार मंडळी. आईसाठी लिहितेय. आम्ही फोंड्याचे, आई ६१ वर्षांची. उजव्या बाजूला जबड्याच्या खाली मानेत गाठ आहे, म्हणे बरीच वर्षं होती, दुखत नव्हती म्हणून तिने कोणाला सांगितलंच नाही. गेल्या पावसाळ्यात गिळताना अडकल्यासारखं व्हायला लागलं आणि शेजारच्या वहिनींनी मान एका बाजूने फुगलीय म्हणून हटकलं तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेलं. पहिल्या ठिकाणी टीबीची गाठ असेल म्हणाले, सुई घातली तर नुसतं रक्तच आलं आणि रिपोर्टमध्ये काहीच निदान नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी गाठीवर बोटं ठेवली, ठोके लागले तसे ते थांबले आणि लगेच डॉपलर (शिरेतलं रक्त दाखवणारी सोनोग्राफी) सांगितला, मग सीटी अँजिओ, म्हणजे शिरांचा सीटी स्कॅन. आता निदान पक्कं आहे : उजवीकडचा कॅरोटिड बॉडी ट्यूमर, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड शिरेवरची गाठ, ४.८ सेंमी, शॅम्बलिन २ किंवा ३ (गाठीने शिरेला किती धरलंय त्याची वर्गवारी). घशाची भिंतही आतून थोडी ढकलली गेलीय.

सर्जन म्हणतात काढलेला बरा. काका म्हणतात जे दुखत नाही त्याला हात कशाला लावायचा, मानेच्या शिरेवरचं ऑपरेशन म्हणजे लकव्याची भीती. आई या दोन्हीवर काही बोलत नाही, तिचा एकच प्रश्न आहे, नंतर गाता येईल का. ती आमच्या वाड्यावरच्या बायकांच्या भजनी मंडळात गाते, पेटीही तीच वाजवते.

कोणाच्या घरात हे झालंय का? ऑपरेशन केलं की थांबलात? गोव्यात केलं की बाहेर नेलं? आणि नंतर आवाजाचं काय झालं ते खरं खरं सांगा, धीर देण्यासाठी म्हणून गोड लिहू नका.

तिसऱ्यो
आईंना नमस्कार सांगा. अनुभव नाही पण वाचतेय.

बार्देशचो
माझं स्वतःचं झालंय, डावीकडचं. भियेनाकात, पण तुम्ही खरं सांगा म्हटलंय तर सगळं सांगतो.

माझी गाठ ५ सेंमीच्या वर होती. आजूबाजूला ढकलली तर हलायची, वर-खाली अजिबात नाही, डॉक्टर म्हणाले हीच तिची खूण. मुंबईला केलं कारण तेव्हा मला व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन आणि ईएनटी दोघेही एकाच टेबलवर हवे होते. आदल्या दिवशी मांडीतून कॅथेटर घालून ट्यूमरला रक्त नेणाऱ्या बारीक शिरा बंद केल्या, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत नेलं ते संध्याकाळी बाहेर. गाठ आतल्या कॅरोटिडला सगळीकडून वेढून बसली होती त्यामुळे शिरेचा तेवढा तुकडा काढावा लागला आणि मांडीतली शीर काढून तिथे जोडली. लकवा वगैरे काही झालं नाही, शुद्धीवर आल्या आल्या हात-पाय हलवायला लावले, हलले, बायको बाहेर रडत होती तिला नर्सने जाऊन सांगितलं.

पण जीभ डावीकडे वळायची. बाहेर काढली की सरळ यायचीच नाही. घास तोंडात फिरवता यायचा नाही, गालात साठून राहायचा. आवाज बसला, आणि सगळ्यात त्रास पाण्याचा, साधं पाणी प्यायलो की ठसका. कारण व्हेगस नावाची नस ओढली गेली होती, त्या बाजूची स्वरतंतूची पट्टी हलेना. मला कोणी आधी हे इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं, सगळे लकवा आणि रक्त यावरच बोलत होते. माणूस वाचणं ही पहिली गोष्ट, मान्य, पण नंतर रोज जेवायचं आणि बोलायचं त्यालाच आहे ना.

आता जीभ जवळजवळ सरळ आहे. आवाज पूर्वीसारखा नाही, फोनवर लोक विचारतात सर्दी झालीय का. तरी मला आज परत विचारलं तर ऑपरेशनच करीन म्हणेन, कारण गाठ वाढत होती आणि मी तेव्हा पन्नाशीतही नव्हतो.

अबोली
@बार्देशचो, ठसका लागायचा तेव्हा तुम्ही काय खायचात? इथे आजारी माणसाला पहिली पेजच देतात म्हणून विचारते.

बार्देशचो
@अबोली तेच तर. घरी आल्यावर आईने प्रेमाने उकड्या तांदळाची पेज केली आणि तीच घशात गेली. स्पीच थेरपिस्ट बाईंनी समजावलं की पेजेत पाणी वेगळं आणि शीत वेगळं, दोन्ही एकदम तोंडात आलं की पाणी आधी पळतं आणि श्वासनळीत जातं. एकजीव घट्ट हवं. मग नाचण्याची तिझान, मऊ उकडलेलं केळं, घट्ट दही असं चालू केलं, हनुवटी छातीकडे टेकवून गिळायचं आणि एका बाजूला मान वळवायची. पाण्यातसुद्धा घट्ट करायची पावडर घालायचो. हळूहळू सुटलं.

आणखी एक राहिलं. जेवणाचा पहिला घास तोंडात घातला की कानाखाली जबड्यात अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला कमी. आंबट असलं तर विचारूच नका, बिंबलीचं लोणचं नुसतं समोर ठेवलं तरी कळ यायची. मला वाटलं दाढ किडली.

कानघसा
ती कळ दाढेची नाही, त्याला फर्स्ट बाइट सिंड्रोम म्हणतात. तिथली सिम्पथेटिक नस दुखावली की लाळेच्या मोठ्या ग्रंथीचं नियंत्रण बिघडतं आणि पहिल्या घासाला ती जोरात आकुंचन पावते. बहुतेकांचं काळाप्रमाणे कमी होतं.

मी ईएनटी आहे, सासष्टीत प्रॅक्टिस. असे ट्यूमर मी स्वतः काढत नाही, निदान करतो आणि पुढे पाठवतो. इथे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या, तुमच्या आईंचे सीटीचे फोटो बघितलेल्या सर्जनचं मत माझ्यापेक्षा वरचं.

कॅरोटिड बॉडी हा प्रत्येकाच्या मानेत दोन्ही बाजूंना असतो, तांदळाच्या दाण्याएवढा, मुख्य कॅरोटिड दुभंगते तिथल्या कोनात. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की मेंदूला कळवणं हे त्याचं काम. त्यातून वाढलेली गाठ म्हणजे हा ट्यूमर, पॅरागँग्लिओमा हे कुळाचं नाव. आतली आणि बाहेरची कॅरोटिड त्याच्यामुळे फाकतात, अँजिओग्राफीत ते स्पष्ट दिसतं. वाढ सावकाश, वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर असं बऱ्याच जणांत दिसतं, म्हणूनच आई वर्षानुवर्षं गप्प राहू शकल्या. बहुतांश कॅन्सर नसतात. थोड्या जणांत पसरतात, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली नुसती गाठ बघून ठरत नाही, लिम्फ नोड किंवा दुसरीकडे गेलेला सापडला तरच ठरतं. म्हणून काढताना शेजारचे एक-दोन नोड तपासायला पाठवतात.

सुईचं म्हणाल तर बारीक सुईने सहसा मोठं काही बिघडत नाही, पण उपयोगही होत नाही, रक्तच येतं. जाड सुईची किंवा चिरा देऊन बायोप्सी मात्र करू नये. मानेतल्या ठोके लागणाऱ्या गाठीला आधी डॉपलर, मग बाकीचं. हे वाचणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवा.

शॅम्बलिनची वर्गवारी १९७१ची आहे. पहिला प्रकार शिरेपासून सहज सुटणारा, दुसरा शिरेला अर्धवट धरलेला, तिसरा पूर्ण वेढलेला. प्रकार जितका वरचा तितकं रक्त जास्त, नसांना धोका जास्त. काकांना हे सांगा की थांबण्यालाही किंमत आहे : आज दुसरा असलेला उद्या तिसरा होतो आणि तेव्हा तेच ऑपरेशन जास्त अवघड होतं.

रातांबा
आमच्या ओळखीत सीमेपलीकडच्या एका गावात वैद्य आहेत, गाठीवर गरम लेप लावून चोळून देतात, बऱ्याच लोकांच्या गाठी विरघळल्यात म्हणे. ऑपरेशनआधी एकदा बघायला काय हरकत आहे?

कानघसा
@रातांबा, चांगल्या मनाने सांगताय हे कळतं. पण या गाठीला चोळणं धोक्याचं आहे. तिथेच कॅरोटिड सायनस असतो, तो दाबला की नाडी मंदावते, बीपी एकदम उतरतं, माणूस चक्कर येऊन पडतो. वयस्कर माणसाच्या शिरेत चुना साठलेला असेल तर चोळताना तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. लेप आत पोचतच नाही. कृपा करून हात लावू देऊ नका.

रातांबा
हे माहीत नव्हतं. ठीक आहे डॉक्टर.

पाटोळी
डॉक्टर, ऑक्सिजन कमी झाला की ही ग्रंथी काम करते म्हणजे उंच डोंगरावर राहणाऱ्यांना हा आजार जास्त होत असेल का? सहज डोक्यात आलं.

कानघसा
अगदी बरोबर. पेरूसारख्या अँडीजमधल्या आणि मेक्सिकोतल्या उंच भागांत राहणाऱ्यांत हे ट्यूमर जास्त दिसतात, ऑक्सिजन सतत कमी असल्यामुळे ग्रंथी कामाने वाढत जाते. आपल्याकडे समुद्रसपाटीला ते कारण लागू नाही. आपल्याकडचे एकतर आपोआप झालेले किंवा घराण्यातून आलेले.

पाटोळी
म्हणजे आमचा चोर्ला घाट सुटला 🙂

मास्तर_पेडणे
या ग्रंथीचं काम शोधून काढल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नील हेमान्सना १९३८चं नोबेल मिळालं होतं, शाळेत मुलांना सांगायचो म्हणून आठवलं. आणि शस्त्रक्रियेचा इतिहास वाचला तर आजच्या सर्जनांबद्दल आदर वाढतो. १८८० साली पहिल्यांदा गाठ काढायचा प्रयत्न झाला, तो रुग्ण वाचला नाही. १८८६ साली मायड्लचा रुग्ण वाचला पण अर्धांग झालं आणि वाचा गेली. १८८९ मध्ये आल्बर्टने पहिल्यांदा मोठी शीर न बांधता गाठ काढली. मग १९४०च्या सुमारास गॉर्डन-टेलरने दाखवलं की शिरेच्या बाहेरच्या आवरणाखाली एक पांढरट रेघ असते, तिथून सोडवत गेलं तर शीर शाबूत राहते. आजही सर्जन तीच रेघ शोधतात. कुळागरताई, काकांची लकव्याची भीती त्या जुन्या काळातून लोकांच्या मनात राहिलेली आहे, तेव्हा ती खरीच होती.

विषय निघालाच आहे तर, आपलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज मूळचं १८४२चं, म्हणजे आल्बर्टच्या त्या ऑपरेशनपेक्षाही जुनी परंपरा आपल्याकडे आहे. आजही दोडामार्ग, सावंतवाडी, कारवारची माणसं तिथे येतात. आधी तिथे दाखवल्याशिवाय मुंबईची तिकीटं काढू नयेत असं माझं मत.

झुआरी
@मास्तर मत मान्य पण इथे भावनेपेक्षा टीम बघायला हवी. मोठा असेल तर शीर जोडू शकणारा व्हॅस्क्युलर सर्जन हवा, एम्बोलायझेशन करणारा रेडिओलॉजिस्ट हवा, रक्तपेढी हवी, नंतर आयसीयू. हे सगळं जिथे एका छताखाली आणि नेहमी होतं तिथे करा, मग ते बांबोळी असो, बेळगाव असो नाहीतर मुंबई. सर्जनला सरळ विचारा, गेल्या काही वर्षांत असे किती केलेत आणि त्यातल्या किती जणांच्या नसांना इजा झाली. चांगला सर्जन रागावत नाही.

मास्तर_पेडणे
@झुआरी हे बरोबर. माझं म्हणणं एवढंच की विचारायला सुरुवात घराजवळून करा.

शिरोड्याची_सून
पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. गोवा सरकारच्या विम्याचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड असेल तर तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त असतील तर ४ लाख कव्हर आहे, पण प्रोसिजरची यादी ठरलेली असते आणि हॉस्पिटलही पॅनेलवरचं लागतं, त्यामुळे ऑपरेशनच्या नावानिशी आधी काउंटरवर विचारून घ्या. एम्बोलायझेशन वेगळं धरतात की त्यातच, हेही विचारा, कारण त्याचं सामान महाग असतं. जे सरकारी हॉस्पिटलात होत नाही त्यासाठी आरोग्य खात्याची मेडिक्लेमही आहे, तिचे कागद आधी करावे लागतात, ऑपरेशन झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. कार्ड रिन्यू केलंय का तेही बघून ठेवा, सासऱ्यांच्या वेळी आमचं संपलेलं निघालं होतं.

अबोली
माझा अनुभव जरा वेगळ्या गाठीचा आहे पण घशाचाच आणि रक्ताचाच, म्हणून लिहिते. आम्ही वाळपईचे. मुलगा नववीत असताना नाकातून रक्त यायचं. काजूच्या दिवसांत ऊन फार, सगळे म्हणायचे उष्णता आहे, कांदा हुंगायला दे, कोकमाचं सरबत दे. मग एक नाकपुडी बंदच झाली, घोरायला लागला, बोलायचा ते नाकात. दुर्बिणीतून बघितलं तर नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागात लालसर गाठ. डॉक्टरांनी तिला हातच लावला नाही, थेट सीटी आणि एमआरआय. ज्युव्हेनाइल अँजिओफायब्रोमा निघाला. वयात येणाऱ्या मुलांनाच होतो म्हणाले, मुलींना जवळजवळ नाहीच.

आदल्या दिवशी एम्बोलायझेशन, दुसऱ्या दिवशी नाकातूनच दुर्बिणीने सगळं काढलं, चेहऱ्यावर एक चिरा नाही. मला वाटलं होतं तोंड कापतील. तरी रक्त गेलं, रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या, त्यासाठी त्याच्या बाबांचे मित्र सगळे पहाटे निघून गेले होते. परत होऊ शकतो म्हणून एमआरआय चालू आहेत. आता कॉलेजात आहे, फुटबॉल खेळतो.

कुळागरताई, माझं सांगणं एकच, रक्तदाते आधी ठरवून ठेवा.

काजूबोंड
आमच्या पुतणीला तान्हेपणी श्वास घेताना आवाज यायचा, स्वरयंत्राच्या खाली हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ होती. ती तर ऑपरेशनशिवायच बरी झाली, प्रोप्रानोलॉल नावाचं बीपीचं औषध थेंबाथेंबाने दिलं. मग मोठ्यांना तेच औषध देऊन गाठ कमी का करत नाहीत?

कानघसा
@काजूबोंड, चांगला प्रश्न. बाळांच्या हिमँजिओमाच्या पेशी वेगळ्या असतात, त्या वाढतात आणि मग आपोआप ओसरतात. प्रोप्रानोलॉल त्यांच्यावर चालतं हे फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि २००८ मध्ये ते छापून आलं, तेव्हापासून कितीतरी बाळं ऑपरेशनपासून वाचली. पॅरागँग्लिओमावर त्याचा तसा उपयोग नाही. घशातल्या सगळ्या रक्ताच्या गाठी एक नसतात. मोठ्यांच्या घशात, जिभेच्या मुळाशी निळसर फुगलेली शिरांची गुंतागुंत असते, व्हेनस मालफॉर्मेशन, ती वाकलं किंवा जोर केला की फुगते, तिच्यात इंजेक्शन देऊन स्क्लेरोथेरपी करतात आणि मोठी असेल तर तीही टप्प्याटप्प्याने. अबोलीताईंच्या मुलाची वेगळी, कुळागरच्या आईंची वेगळी. नाव नीट कळल्याशिवाय एकाचा उपाय दुसऱ्याला लावू नये.

भूलतज्ज्ञ
भूल देणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी. एक, घशाची भिंत आत आलीय म्हणता तर श्वासनळीत नळी कशी घालायची हे आधी ठरवावं लागतं. मोठी गाठ असेल तर पेशंट जागा असतानाच घसा बधिर करून बारीक फायबरऑप्टिक दुर्बिणीवरून नळी घालतो. ऐकायला भीतीदायक, पण त्यातच सुरक्षितता. आईंना हे आधीच समजावून सांगा म्हणजे त्या दिवशी घाबरणार नाहीत.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ऑपरेशनआधी मेटानेफ्रिनची तपासणी झालीय का, रक्ताची किंवा २४ तासांच्या लघवीची? मानेतले हे ट्यूमर क्वचितच अॅड्रेनलिनच्या जातीचे हॉर्मोन सोडतात, पण सोडणारा निघाला आणि आम्हाला माहीत नसेल तर टेबलवर बीपी आकाशाला भिडतं. माहीत असेल तर आधी गोळ्या देऊन तयारी करता येते. आईंना अधूनमधून धडधड, घाम, डोकेदुखी होते का?

कुळागर
बापरे, इतकं सगळं. सगळ्यांना देव बरें करूं. धडधड वगैरे नाही, बीपीची एक गोळी चालू आहे. मेटानेफ्रिन कोणी सांगितलं नव्हतं, उद्याच विचारते.

@कानघसा, घराण्यातून येतो म्हणालात म्हणून विचारते, माझ्या मोठ्या मामांनाही मानेत काहीतरी आहे असं आई आता म्हणते. मग मला आणि माझ्या भावाला होईल का? त्याला दोन लहान मुलं आहेत.

कानघसा
मामांच्या मानेत काही असेल तर हे गंभीरपणे घ्या. या ट्यूमरांतले साधारण तिसरा हिस्सा तरी अनुवंशिक निघतात. सगळ्यात नेहमीचा जीन एसडीएचडी, २००० साली सापडला, आणि त्याची वागणूक चमत्कारिक आहे. वडिलांकडून आला तर गाठ होते, आईकडून आला तर सहसा होत नाही, पण माणूस तो पुढे नेतो.

आता तुमच्या घरात लावून बघा. आई आणि मामांना तो तुमच्या आजोबांकडून आला असेल. तुम्हाला आणि भावाला आला असेल तर तो आईकडून, म्हणून तुम्हा दोघांना सहसा गाठ होणार नाही. पण भावाकडे जीन असला तर त्याच्या मुलांना तो वडिलांकडून मिळेल, आणि त्यांना होऊ शकते. तुमच्या मुलांना नाही. एक पिढी काही होत नाही म्हणून लोकांना वाटतं घराण्यातून गेला, आणि मग नातवंडांत उगवतो. मामांच्या मुलांनाही थेट धोका आहे. एसडीएचबी सारखे दुसरे जीन असे वागत नाहीत, ते दोन्हीकडून येतात, आणि एसडीएचबीमध्ये पसरण्याची शक्यता जास्त. म्हणून आधी आईंची रक्ताची जेनेटिक टेस्ट करा, त्यात जीन सापडला तरच बाकीच्यांची. मामांचा डॉपलर मात्र त्याच्यासाठी थांबवू नका. आणि आईंची डावी बाजूही नीट बघितलीय ना? घराण्यातल्यांत दोन्हीकडे असू शकतो.

बार्देशचो
दोन्हीकडचं आमच्याच घरात आहे, आत्याला. तिचं एका बाजूचं काढलं, नंतर बीपी कधी १८० तर कधी ९०, उठून बसली की अंधारी. डॉक्टर म्हणाले त्या ग्रंथीजवळच बीपी सांभाळणाऱ्या नसा असतात, दुसरी बाजूही उघडली आणि तिकडच्याही गेल्या तर कायमचं असंच राहील. म्हणून दुसऱ्या बाजूला रेडिएशन दिलं. गाठ गेली नाही पण वाढायची थांबलीय. वय झालेल्यांना तोही मार्ग आहे हे लक्षात असू द्या.

झुआरी
एम्बोलायझेशनवरून एक शंका. माझ्या वहिनीच्या भावाच्या सर्जनने ते केलंच नाही, गरज नाही म्हणाले, आणि ऑपरेशन व्यवस्थित झालं. मग खरं काय?

कानघसा
दोघेही बरोबर असू शकतात. सर्जनांमध्येच यावर एकमत नाही. मोठ्या गाठीत रक्तस्राव कमी होतो आणि नसा स्वच्छ दिसतात हा फायदा, पण कण उलटे आतल्या कॅरोटिडमध्ये शिरून स्ट्रोक होण्याचा थोडा धोका त्यातही आहे. लहान गाठीला बहुतेक जण करत नाहीत. केलं तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करावं, नाहीतर सूज येते आणि दुसरीकडून नव्या शिरा रक्त पुरवायला लागतात.

कुळागर
आईच्या गाण्याचं कोणी नीट बोललं नाही अजून.

कानघसा
तेच मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण नीट लिहायला हवं.

आवाजाला तीन गोष्टींचा धोका असतो. व्हेगसची मुख्य नस दुखावली तर एक स्वरतंतू हलत नाही, आवाज हवेसारखा पोकळ येतो. नस ओढली गेली असेल पण तुटली नसेल तर बहुतेक वेळा महिन्यांत परत येते, नाही आली तर त्या पट्टीला आधार देण्याची छोटी शस्त्रक्रिया करता येते, थायरोप्लास्टी. दुसरी सुपीरियर लॅरिंजिअल, ती या गाठीच्या अगदी मागून जाते. तिची बाहेरची शाखा स्वरतंतू ताणते, ती गेली तर बोलताना कोणाला कळणारही नाही पण वरचे सूर लागत नाहीत, गाताना आवाज लवकर थकतो. साध्या माणसाला ही नस गेल्याचं कळत नाही, गाणाऱ्याला पहिल्या दिवशी कळतं. आणि तिसरी जिभेची नस, मेंदूतून निघणारी बारावी, तिच्यामुळे शब्द बोबडे होतात.

म्हणून सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा की आई गातात. ऑपरेशनआधी दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्या, आवाज रेकॉर्ड करून ठेवा, गातानाचासुद्धा. नर्व्ह मॉनिटरिंग, म्हणजे ऑपरेशन चालू असताना नसांवर लक्ष ठेवायची सोय, आहे का विचारा. गाठीमुळे आत्ताच एखादी नस दबलेली असेल तर तेही आधी कळतं. आणि प्रामाणिकपणे : पाच सेंमीच्या जवळ असताना पूर्वीसारखंच गाता येईल असं वचन कोणी देऊ शकत नाही. पण गाठ वाढत राहिली तर त्याच नसा ती स्वतःच दाबेल, तेव्हा थांबूनही आवाज राहीलच असं नाही. मी सर्जन असतो तर ६१ वर्षांच्या, तब्येतीने धड बाईंना, घसा ढकलला गेलेला असताना, ऑपरेशनच सांगितलं असतं.

तिसऱ्यो
हे आईंना वाचून दाखवा कुळागर. लपवू नका.

कुळागर
वाचून दाखवलं. काकांनाही बसवलं समोर. आई म्हणाली, पेटी तर वाजवता येईलच ना.

मधल्या काळात बरंच झालं ते सांगते. बांबोळीला दाखवलं आणि मुंबईच्या एका व्हॅस्क्युलर सर्जनचंही मत घेतलं, दोघेही काढा म्हणाले. मेटानेफ्रिन नॉर्मल. डावी बाजू स्वच्छ. स्वरतंतू दोन्ही नीट हलतात. जेनेटिकचा रिपोर्ट यायचाय. मामांचा डॉपलर केला, त्यांनाही आहे, डावीकडे, १.६ सेंमी. मामा ७४ वर्षांचे, बायपास झालेले, त्यांना डॉक्टरांनी काही करू नका, वर्षाने परत बघू म्हटलं. काकांना वाटतंय की बघा, मी म्हणत होतो ते मामांना लागू पडलं. पडू दे, आईच्या ऑपरेशनला ते हो म्हणाले ते पुरे आहे.

मला आता रक्तदाते हवेत. आईचा गट बी निगेटिव्ह आहे, तो सहज मिळत नाही म्हणून आधीच सांगतायत. तारीख ठरली की लिहिते.

मास्तर_पेडणे
माझा धाकटा मुलगा बी निगेटिव्ह, पर्वरीला असतो. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, नंबर त्यात आहे.

अबोली
वाळपईच्या रक्तदानवाल्या पोरांना सांगते, त्यांच्याकडे गटवार यादी असते.

भूलतज्ज्ञ
बीपीची गोळी कोणती आहे ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना नावासकट सांगा, आणि ऑपरेशनच्या सकाळी ती घ्यायची की नाही ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या, स्वतः ठरवू नका. अॅस्पिरिन चालू असेल तर तेही.

कानघसा
मामांच्या मुलांना मात्र जेनेटिकचा रिपोर्ट येईपर्यंत अंधारात ठेवू नका. आईंचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्यांची आणि तुमच्या भावाची टेस्ट लगेच करायची, आणि भावाचीही पॉझिटिव्ह आली तर मुलांना कोणत्या वयापासून तपासायचं ते जेनेटिक काउन्सेलर सांगतील. आईंच्या ऑपरेशनची तारीख कळवा.

कुळागर
हो डॉक्टर. भावाला आजच फोन करते, तो दुबईत आहे, त्याच्या सुट्टीत टेस्ट करून घेऊ.